पळी घेतलेली बाहुली

यावर एकाचाही विश्वास बसणार नाही, असं इपुयने आधीच सांगून टाकलं आणि रिकाम्या रांजणाला पाठ लावून तो ऐसपैस बसला. तो मरून आला होता.

थडगी खोदणाऱ्यांच्या त्या गावात विहीर नव्हती. नदीवरून गाढवं पाणी घेऊन येईपर्यंत सगळं गाव वेशीपाशी ताटकळायचं, आणि थापा मारायला त्याहून सोयीची जागा इपुयला उभ्या जन्मात सापडली नव्हती. शिवाय या खेपेला साक्षीदार होते. तीन दिवस तो तापात लाकडासारखा पडून होता. प्रेतं खारवणारे मीठ घेऊन दारात आले, तेव्हा हा उठून बसला आणि जवाची दारू मागू लागला.

"मग काळीज तोललं का तुझं, म्हातारबा?" एका पाथरवटाने डिवचलं.

तोललं की. तराजूपाशी ती मगरतोंडी बया आ वासून बसली होती, पापी काळीज दिसलं की गिळायला. इपुयचं काळीज पाहून तिने तोंड फिरवलं. एवढ्या शिळ्या मालावर तिची वासना गेली नाही. मग त्याला पलीकडच्या लव्हाळ्यांच्या मळ्यात हाकलून दिलं. तिथे जव दोन पुरुष उंच, आणि त्याच्या आडून कोण हिंडत असावं? मेलेल्यांबरोबर पुरायला इपुयने चाळीस वर्षं घडवलेल्या बाहुल्या.

मेलेल्याला तिकडेही वेठीला बोलावतात. वाळू वाहा, पाट खणा. तेव्हा त्याच्या नावाने ओ द्यायची आणि कुदळ घेऊन त्याच्या जागी जायचं, हे त्या बाहुल्यांचं काम. बड्या लोकांच्या तर चार-चारशे होत्या, निळ्याशार. त्यांच्यात मुकादम कोण, यावर सकाळपासून भांडण जुंपलं होतं आणि वाळू जागच्या जागी होती.

लोक खदखदून हसत होते. तेवढ्यात रांजणांच्या मागे उभी असलेली वाबेत त्याला दिसली.

तिचा नवरा केनना याला पुरून दोन महिने झाले होते. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची थडगी खोदली. त्यात पाठ अशी वाकली, की शेवटी शेवटी त्याला फक्त स्वतःचे पाय दिसायचे. पुरला तोही घाईघाईत, साध्या पेटीत. त्याच्याबरोबर एकही बाहुली ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. तिकडे हाक आली की त्या पाठीनिशी तो स्वतःच उठत असेल, हे वाबेतच्या डोक्यातून जाईना. तिची चूल पेटत नव्हती. शेजारणी काही आणून द्यायच्या, ते कोपऱ्यात वाळून जायचं. मनगटांच्या काटक्या झाल्या होत्या.

इपुयची जीभ त्याच्या आधी धावली.

"तर बांधावरनं हाक आली," तो म्हणाला. "केनना! वाळू वाहायला चल!"

सगळ्या माना वाबेतकडे वळल्या. आता मागे फिरता येत नव्हतं. मग सुचेल तशी त्याने एक बाहुली पुढे काढली. अंगठ्याएवढी, चिखलाची, भट्टी न पाहिलेली. एक पाऊल मोडकं, म्हणून लंगडत आली. लोकांनी हसावं म्हणून त्याने तिच्या हातात कुदळीऐवजी पळी दिली. "मी आहे" हे ठरलेलं उत्तरही बयेला येईना. "आले, आले, ओरडता कशाला?" म्हणाली आणि पळीने वाळू उपसायला बसली.

हसून हसून एका म्हातारीला उचकी लागली. वाबेत हसली नाही.

"आणि ते?" तिने विचारलं. "ते कुठं होते?"

"उंबराखाली. पाठ टेकून."

"टेकता येत होती?"

"ताठ होती, पोरी. माझ्यापेक्षा ताठ."

गाढवं आली. वाबेतने घागर भरली आणि निघून गेली.

दिवस कलताना तिच्या धाब्यावरून धूर निघाला. इपुय तो आपल्या दारातून पाहत राहिला. दारूच्या घोटासाठी त्याने आजवर गावाला काय वाटेल ते ऐकवलं होतं, पण त्याच्या थापेवर कुणी चूल पेटवली नव्हती. उद्या कुणीतरी हसत हसत तिला म्हणणार, अगं, इपुय तो, तू खरं मानलंस? मग ती चूल पुन्हा पेटायची नाही.

थोड्या वेळाने ती गरम भाकर आणि कांदा घेऊन त्याच्या दारात आली. ओठांना कणी लागलेली होती. येताना एक घास खाल्ला असावा.

इपुयने भाकर घेतली नाही. फळीवरून त्याने एक निळी बाहुली उतरवली, दोन्ही हातांत कुदळी असलेली. चाळीस वर्षांत स्वतःसाठी राखलेली ती एकच.

"बस, आणि मला शिव्या नंतर दे," तो म्हणाला. "मी कुठं गेलोच नव्हतो. तीन दिवस नुसता काळोख होता. ती लंगडी, ती पळी, सगळं तिथल्या तिथं रचलं. ही मात्र खरी आहे. नावाची जागा कोरी आहे, लेखनिकाकडून केननाचं घालून घे. कुणीतरी ओ देईल त्याच्यासाठी."

वाबेतने बाहुली हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि होती तिथे फळीवर ठेवून दिली.

"ही तुमची तुम्हाला राहू द्या, काका. लागेल."

"अगं, सत्यदेवीची शपथ घेऊन सांगतो..."

"कुदळ वळायला जमेना, म्हणून मी पळी दिली तिला," वाबेत म्हणाली. "ओल्या चिखलाची होती. यांच्या छातीवर, गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या आत दडपताना तिचं पाऊल मोडलं. असलं ध्यान कुठलं ओ देणार, लोक हसतील, म्हणून मी आजवर कुणालाही सांगितलं नाही." तिने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात कोंबला. "आणि म्हणे, कुठं गेलोच नव्हतो. थापाड्या."