सुतकाचा विमा

"लांबचे चुलते यात बसत नाय, इंद्रजीतभाऊ," फोनवर ट्रॅव्हल एजंट प्रणय म्हणाला. "आईवडील, नवराबायको, पोरं, सख्खे भाऊबहीण. यातलं कुणी गेलं तरच क्रूझ रद्द केल्याचे पैसे विमा कंपनी देते. बाकी कुणी वारलं तर नाय."

इंद्रजीत गॅलरीत उभा होता. आत सोफ्यावर काकासाहेब बसले होते. कालपासून ते भावकीतले सगळ्यांत थोरले. सकाळच्या एसटीनं ते देवगाव रंगारीहून बजाजनगरात आले होते, ते एवढंच बघायला की सांडूच्या पोरानं, म्हणजे इंद्रजीतनं, भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या की नाही.

काल गावात बन्सी वारले. इंद्रजीतच्या वडिलांचे ते भावकीतले भाऊ. किती लांबचे, ते फक्त काकासाहेबच सांगू शकत. सात पिढ्यांच्या आत असलं की सुतक, पलीकडे गेलं की नाही, आणि पिढ्या मोजायचं काम पहिल्यापासून त्यांचंच. त्यांनी मोजल्या आणि दहा दिवसांचं सुतक सांगितलं. जहाज परवा मुंबईहून सुटणार होतं.

विमा काढला तेव्हा इंद्रजीत स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश होता. भावकी दांडगी. घरात कुणी तिकीट काढायचा अवकाश, गावाकडून फोन आलाच म्हणून समजा. आईचं गणपतीपुळं असंच राहिलं, मावशीच्या लेकीचं लग्न असंच राहिलं. म्हणून यावेळी प्रणयनं विमा म्हणताच त्यानं हो म्हणून टाकलं. कोण मेलेलं चालेल, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

"मग तारीख तरी पुढं ढकल," तो आवाज दाबून म्हणाला.

"ती मुदत गेल्या आठवड्यातच संपली. आता तुमच्यापैकीच कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं, तर बघता येईल."

इंद्रजीतनं खरोखर छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके अगदी बिनचूक पडत होते. त्याला त्यांचाही राग आला.

पैशाचं दुःख होतंच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण त्याला खरं बघवत नव्हतं ते आईकडे. या शहरात नळाला पाणी येतं ते आठ-आठ दिवसांनी. द्वारकाबाईंचा अर्धा जन्म पिंपं भरण्यात गेला होता, आणि एकदा तरी नजर पोचेल तिथवर पाणी बघायचं, एवढीच त्यांची हौस होती. जहाजावरच्या स्वयंपाकावर विश्वास नव्हता, म्हणून शेंगदाण्याची चटणीसुद्धा कुटून झाली होती. काल गावाहून परतल्यापासून मात्र त्या जहाजाचं नाव काढत नव्हत्या. दरवेळी अशाच गप्प बसत आल्या होत्या. मुलाला हे गप्प बसणं सहन होत नव्हतं.

तो आत आला. काकासाहेबांनी विचारलं, "झालं का रद्द?"

"काका, पैसे परत मिळत नाहीत. आणि आईला कधी कुठं..."

"पैशाचं काय घेऊन बसला," काकासाहेब म्हणाले. "दहाव्याला सांडूच्या घरचं कुणी नसलं तर गाव काय म्हणंल? आज तुम्ही आला नाय, तर उद्या तुमच्या दारात कोण उभं राहील, इचार कर."

इकडे आड, तिकडे विहीर. समुद्र तेवढा कुठं दिसत नव्हता. गावाशी फटकून राहायची इंद्रजीतची छाती नव्हती, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

"नाही जात," तो म्हणाला. "बुडाले तर बुडू देत."

काकासाहेबांनी समाधानानं बशीत चहा ओतला. तेवढ्यात द्वारकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दिरासमोर यायचं म्हणून डोक्यावर पदर होता.

"भावजी, इंद्रजीतचे वडील गेले तवा तुम्ही पिढ्या किती मोजल्या हुत्या?"

काकासाहेबांची बशी तोंडापाशीच थांबली. इंद्रजीतला काही कळेना. वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता.

"पोराला ठावं नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. "बन्सीभाऊंच्या घरी तवा लेकीला हळद लागलेली. लगीन मोडाया नगं म्हणून भावजींनी बोटावर मोजलं अन् सांगितलं, पिढी तुटली, सांडूचं सुतक आपल्याला लागत नाय. खांद्याला माणसं माझ्या माहेराहून आली. राख सावडली त्याच दिवशी वरात आपल्या दारावरून वाजत गेली. तुला मांडीवर घेऊन मी कवाड लावून बसले हुते."

"वहिनी, ते तवाचं तवा..."

"व्हय. लहान लेकरू घेऊन तुमच्यातच ऱ्हायचं हुतं, म्हणून तोंड शिवून घेतलं. तवापासून भावकीतलं एकबी सुतक मोडलं नाय. काल बन्सीभाऊंच्या मातीला गेले, त्यांच्या घरच्यांसाठी भाकरी नेली. माणूस म्हणून करायचं ते समदं केलं."

इंद्रजीतनं आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. गावाची भीती आता आपल्या एकट्यालाच वाटते आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बॅगांना कुलपं लाव, इंद्रजीत," ती म्हणाली. मग पदर नीट करून ती काकासाहेबांकडे वळली.

"भावजी, चहा घ्या निवांत. अन् जाताना तेवढं सांगून जावा, माझा नवरा मेला तवा तुटलेली पिढी काल कुणी जोडली?"