बाजूला कोण आहे?

बियाणे कंपनीची मुलाखत मोबाइलवर होती. साखरा गावातल्या त्या घरात रेंज यायची ती पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आरोही तिथं खुर्ची टाकून बसली आणि मोबाइल तिनं समोरच्या डब्याला टेकवून ठेवला. तिचे वडील व्यंकटराव कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं भिंतीलगतच्या खाटेवर बसले. इस्त्रीचा सदरा त्यांनीही घातला होता.

सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. गाव, कॉलेज, शेती किती. मग सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल विचारलं. तेही तिला येत होतं. तरी प्रत्येक उत्तराआधी तिची नजर एकदा खाटेकडं जायची. व्यंकटराव मान हलवायचे, मग ती बोलायची. दहावीनंतर सायन्स, पुढं कृषीची पदवी, राहायला कोणतं हॉस्टेल, सगळं असंच ठरत आलं होतं. त्यात वाईट काही झालं नव्हतं.

मग पलीकडच्या मॅडमनी सांगितलं, जागा दोन आहेत. एक हिंगोलीत, ऑफिसात बसून मालाचा हिशेब ठेवायची. दुसरी फिरतीची, यवतमाळकडं. मोटरसायकलवर गावोगाव जायचं आणि लोकांच्या रानात नव्या वाणाचे प्लॉट करून दाखवायचे.

"तुम्हाला यातली कोणती हवी?"

व्यंकटरावांनी बोटानं जमीन दाखवली. इथली. तिला कळलं नसेल म्हणून हवेत लिहिल्यासारखंही केलं. आरोहीला कळलं होतं. तिची नजर खाटेवरच अडकली.

"तुमच्या बाजूला कोण आहे?" मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"बाबा."

त्यांना जरा बाहेर थांबायला सांगता का, असं मॅडम म्हणाल्या. आरोहीला सांगावं लागलं नाही. व्यंकटराव उठले, चुरगळलेली चादर सारखी केली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

आरोहीची आई आशाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. काय झालं, असं त्यांनी नुसत्या नजरेनं विचारलं. व्यंकटरावांनी काही नाही म्हणून हात हलवला आणि ते दाराशीच उभे राहिले.

आत शांतता होती. ती लांबत गेली तसा त्यांचा हात कडीवर गेला. मग त्यांनी तो काढून घेतला. थोड्या वेळानं आरोहीचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण ती न थांबता बोलत होती. मध्येच एकदा हसलीसुद्धा. ही एवढं बोलते, हे व्यंकटरावांना नवीन होतं.

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता. मॅडम जवळपास ठरलंच म्हणाल्या, तिनं आईला सांगितलं.

"कोणती सांगितली?" व्यंकटरावांनी विचारलं.

"फिरतीची."

ते अंगणाकडं बघत राहिले. "भेव न्हाई वाटलं?"

"वाटलं की. बोलायच्या आधी खाटेकडं बघितलं मी. तुमी नव्हता. मंग मलाच बोलावं लागलं."

आशाबाईंचं सूप थांबलं होतं. व्यंकटरावांनी खिशातून फोन काढला. तिकडं जायला गाडी पुसदवरून बरी का वाशिमवरून, ते सेनगावात जीप चालवणाऱ्या पुतण्याला, शिवशंकरला, विचारतो म्हणाले. तिकडं राहायला खोलीही त्यालाच बघायला लावतो.

"बाबा, मी विचारते."

फोन लागला होता. पलीकडून शिवशंकर हॅलो, हॅलो करत होता. व्यंकटरावांनी तो क्षणभर तसाच कानाला धरला. मग तिच्यापुढं केला.