लंगडी लेथ

विकायला काढलेल्या मालाला मालकानंच नावं ठेवावीत, ही कुठली रीत? कस्तुराबाईचं डोकं तापलं होतं. कंधारहून टेम्पो भाड्यानं करून ती मुलाला आणि सुनेला घेऊन लातूरच्या एमआयडीसीत आली होती. जिलानीभाईच्या शेडमधली लोखंड कातायची सहा फुटी जुनी लेथ घ्यायची होती. आणि हे जिलानीभाई स्टुलावर बसून आपल्याच मशीनची अशी बदनामी करून राहिले होते, की सोयरीक मोडायला आलेल्या भाऊबंदानं लाजावं. मोटार तापते. खालचा लोखंडी बेड झिजला. कट मारला की थरथरते. परवा बिलोलीचा एक जण आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. काल धर्माबादचा आला, तो चहासुद्धा न घेता परत गेला.

सून सुकन्याचं तिकडं लक्षच नव्हतं. आल्यापासून ती मशीनभोवती फिरत होती. गज आवळून धरणाऱ्या चकाला हात लावत होती, चाकं फिरवून बघत होती. आयटीआयला टर्नर झालेली पोर. लग्नाआधी दोन वर्षं कारखान्यात काम केलेलं. सासरी आल्यावर तीन वर्षं हातात फक्त उलथनं. गावात कुणाच्या मोटारीचा शाफ्ट गेला की नांदेड गाठावं लागायचं, आणि दोन दिवस पिकाचं पाणी बंद. शेवटी कस्तुराबाईनंच रिकाम्या गोठ्यात सिमेंटचा कोबा करून घेतला, थ्री-फेज ओढून घेतली. आता आपली सून गावातच शाफ्ट करून देणार, हे तिनं अर्ध्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं. रिकामा टेम्पो घेऊन परत गेलं, तर उद्यापासून पाणवठ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसणार.

कस्तुराबाईनं उभ्या जन्मात जनावरं घेतली-विकली होती. विकणारा तारीफ करतो, घेणारा खोडी काढतो. इथं सगळं उलटंच. मग भाव करायचा तरी कशावर? तिनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की जिलानीभाईच्या डोळ्यांना आता चाकावरच्या मापाच्या बारीक रेघा दिसत नाहीत. महिनाअखेर शेड सोडायची आहे. मुलगा मोहसीननं मोबाईलचं दुकान टाकलंय, तो लोखंडाकडं बघतही नाही. म्हणजे विकणं तर भाग होतं. मग हा माणूस गिऱ्हाईक का पळवून लावतो? भंगारवाल्याशी आतून ठरलं असणार, असं तिनं मनात पक्कं केलं.

एकदा चालू तरी करून बघू, असं सुकन्या म्हणाली. तिनं पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, लोखंडी गजाचा एक तुकडा चकात आवळला आणि बटण दाबलं. मोटार गुणगुणायला लागली. थोडा वेळ तशीच चालू ठेवून सुकन्यानं तिच्यावर तळहात ठेवला. थंडगार होती. पण कापायचं हत्यार गजाला टेकलं आणि मशीन खडखडली. गजावर पायऱ्या-पायऱ्या उमटल्या. बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं जिलानीभाई लगेच बोलले. सुकन्याचा चेहरा पडला. कस्तुराबाईनं परत निघायच्या बेतानं टेम्पोवाल्याकडं बघितलं.

सुकन्यानं मात्र मशीन बंद केली आणि वाकली. हत्यार धरणारा भाग तिनं दोन्ही हातांनी हलवला. तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्याच्या कडेला तीन बारके स्क्रू होते. सगळ्या मशीनवर जुन्या तेलाचा काळा थर, आणि या तीन स्क्रूंच्या खाचा तेवढ्या लख्ख. तिनं स्क्रूड्रायव्हर मागितला. जिलानीभाई म्हणाले, नाही. सगळी हत्यारं घरी नेली.

"खिशातला द्या," खिशातून डोकावणाऱ्या मुठीकडं बोट करून कस्तुराबाई म्हणाली.

जिलानीभाईनं खिशाकडं असं बघितलं, जणू तो खिसा दुसऱ्याचाच होता. मग स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

सुकन्यानं एकेक स्क्रू थोडा-थोडा आवळला, चाक फिरवून बघितलं, पुन्हा आवळला. बटण दाबलं. या वेळी आवाज बदलला. लोखंडाची निळसर, कुरळी साल न तुटता निघत राहिली, वीतभर, मग हातभर. खालून गज नव्या चांदीसारखा निघाला. सुकन्या मोठ्यानं हसली. सासूसमोर असं हसायचं नसतं, हेही विसरली. कस्तुराबाईलाही हसू फुटत होतं. पण सौदा व्हायचा होता, म्हणून तिनं ओठ घट्ट धरले.

मग सुकन्याला उमगलं. स्क्रू नुकतेच कुणीतरी मुद्दाम ढिले केले होते. ती रागानं म्हाताऱ्याकडं वळली. कस्तुराबाईनं हात आडवा धरून तिला थांबवलं.

जिलानीभाई मशीनपाशी गेले होते. पुसायच्या चिंध्यांचा ढीग बाजूलाच पडलेला. तरी ते आपल्या खांद्यावरच्या रुमालानं बेडवरचा कीस झटकत होते, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

सुकन्याचा नवरा हरिओम टेम्पोतून उतरून दारात आला. आईच्या जिभेचा पट्टा त्याला ठाऊक होता. आता या म्हाताऱ्याची धडगत नाही, म्हणून त्यानं मान खाली घातली.

कस्तुराबाई जिलानीभाईच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"सासऱ्यानं आमचा बैल हाळीच्या बाजारात इकायला काढला, तवा मी रातीच त्याच्या खुराच्या वर घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला होता. बाजारात बैल लंगडला. कुनी घेतला न्हाई. तो पुढं नऊ वर्सं आमच्याच दावणीला ऱ्हायला, आन् ही गोष्ट आमच्या घरात आजवर कुनाला ठाव न्हाई. जिलानीभाई, तुमी लबाड. माझ्याच तोलाचे लबाड. चला, टेम्पोत पुढं बसा. मशीन गोठ्यात कुठं बसवायची, ते तुमीच सांगायचं."