बिनपाण्याची शिफ्ट

"माझी पाण्याची बाटली तुम्ही कुलपात टाकली, साहेब. याला शिस्त म्हणू नका. हा जीव घ्यायचा धंदा हाय."

मीना हे केबिनमध्ये नाही बोलली. लाईनवर बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

अंबडच्या त्या कारखान्यात मोटारींच्या कॉइल गुंडाळणाऱ्या बायका सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत. संडास शेडच्या पार टोकाला, आणि जायचं तर साहेबांकडून बिल्ला मागायचा. म्हणून मागायची वेळच येऊ द्यायची नाही, ही तिथली रीत. मीना मात्र बिल्ला मागते. पुन्हा पुन्हा मागते, आणि मान वर करून मागते.

साहेब हसले. "मीनाताई, सोपं आहे. पाणी प्यायचंच नाही, म्हणजे जावं लागणार नाही. बाकीच्या राहतात ना?"

"बाकीच्यांचा मेंदू किडनीला सांगतो, पाणी धरून ठेव. माझ्या मेंदूतली गाठ काढली, तेव्हापासून तो सांगणारा रसच बनत नाय. गोळी घेते. दुपारी तिचा जोर उतरला, की किडनी पाणी सोडत सुटते. मी पिते म्हणून जावं लागत नाय, साहेब. अंगातलं जातं, म्हणून प्यावं लागतं."

शेजारची भागीबाई कुजबुजली, "हळू बोल गं. गडीमाणसं ऐकताय सारी."

"ऐकू दे, मावशी. मुतायला जाते, चोरी करायला नाय. आणि माझी एक तरी कॉइल तपासणीतून परत आलीय का, विचारा त्या यादवभाऊंना."

तपासणीच्या टेबलावरच्या यादवने नकारार्थी मान हलवली आणि मिशीत हसला.

साहेबांचं हसू मात्र गेलं. "मग आजची शिफ्ट पाण्याशिवाय काढून दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून सुरगाण्याला, आपल्या गावी जाऊन नागली लावा."

"नागली लावायची मला लाज नाय. चिखलात वाकून बघा एकदा, तुम्हाला जमायची नाय ती."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी वळून पाहिलं. सगळ्या माना खाली.

मीनाने हात पुसले. ओठ कोरडे पडले होते, जीभ टाळूला चिकटत होती. तरी ती ताठ चालत काचेच्या केबिनमध्ये गेली, साहेबांची चाकांची खुर्ची ढकलत बाहेर आणली, सगळ्या लाईनसमोरून, आणि आपल्या मशीनला टेकवून ठेवली.

"ही परीक्षा माझी दवाखान्यात झालीय. तिथंही पाणी बंद केलं होतं. पण डॉक्टरीणबाई उशाशी बसून होत्या. घडीघडी वजन बघायच्या, नाडी बघायच्या. पाण्याचा तांब्या हाताशी भरून ठेवला होता त्यांनी. जरा डोळे फिरले असते, तर लगेच पाजलं असतं."

ती आपल्या जागेवर बसली. वायरचं टोक नव्या कॉइलला लावलं.

भागीबाईने मशीन बंद केलं. मग पलीकडचीने. शेडमध्ये एकाएकी एवढं शांत झालं, की बाटलीच्या कपाटाची किल्ली साहेबांच्या हातात वाजली ती सगळ्यांना ऐकू आली.

मीनाने खुर्चीवर थाप मारली.

"परीक्षा घ्या. मी तयार हाय. पण इथं बसून माझी नाडी कोण धरणार? नाव सांगा, साहेब. मोठ्यानं सांगा."