हमीची नोकरी

"जरा थांब हं," एडलिन फोनवर म्हणाली. खट्‌कन काहीतरी वाजलं आणि पोरांचा गलका एकदम वाढला. सगळी एका सुरात इंग्रजी आकडे ओरडत होती. मागे कुठेतरी आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती. "मुलांचा आवाज येतोय ना? हीच माझी शाळा."

फिलिपीन्समधल्या इलोइलोत आपल्या स्वयंपाकघरात बसलेल्या मेरिदेलने फोन स्पीकरवर टाकला. शेजारी तिची धाकटी बहीण जोनाबेल कान देऊन ऐकत होती.

"आणि ही नोकरी त्या संस्थेनेच लावली?"

"नाहीतर काय, मी दारोदार फिरले? कोर्स संपला, नोकरी हातात."

"माझ्या पोराची शपथ घे."

एडलिन त्या पोराची धर्ममाता होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनेच त्याला हातांवर धरलं होतं. ती हसली. "घेतली. आता तिकीट काढ, बाई."

मेरिदेल कुणावर पटकन भरवसा ठेवणारी नव्हती. इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण आणि वर नोकरीची हमी देणाऱ्या तीन संस्था तिने पारखून पाहिल्या होत्या. हनोईच्या संस्थेला विचारलं, कोणत्या शाळांत लावता? उत्तरादाखल हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो आले. नॉम पेन्हची संस्था करारनामा आधी दाखवायला तयार नव्हती. थायलंडच्या चोनबुरीतली संस्था मात्र म्हणाली, आमच्या माजी विद्यार्थ्यांनाच विचारा. त्यांच्यात एडलिनचं नाव निघालं आणि प्रश्नच मिटला.

जोनाबेललाही जायचं होतं. पण कित्येक वर्षं हंगामी राबल्यावर तिला नुकतीच सरकारी शाळेत कायमची जागा मिळाली होती. ती सोडली की पुन्हा मिळणार नव्हती.

"आधी मी जाते," मेरिदेल म्हणाली. "मी हो म्हणेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही."

"आणि सगळं खोटं निघालं तर?"

"तर शिव्या घालत परत येईन. तू पोसशील की मला, सरकारी पगारावर."

चोनबुरीच्या संस्थाचालकाला सगळे आचान म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. पहिल्याच दिवशी त्यांनी मेरिदेलला विचारलं, आधी काय करत होतात?

"कॉल सेंटरमध्ये होते."

"तरीच. तुमचा आवाज ऐकून माणूस डोळे मिटून विश्वास ठेवेल."

शिकवणं चांगलं होतं, हे तिने मनोमन मान्य केलं. ती पहिली आली. मग कोर्स संपला आणि काहीच घडेना. शाळा मुलाखतीला बोलावत, पासपोर्ट पाहत आणि पालकांना गोरी बाई हवी असं सांगत. एका मुख्याध्यापिकेला मेरिदेलने विचारलंही, "केस रंगवून आले तर माझं इंग्रजी सुधारेल का?" बाई हसल्या. नोकरी दिली नाही.

"पुढच्या आठवड्यात बघू," आचान म्हणत.

"ताई, देऊ का राजीनामा?" जोनाबेल विचारी.

"थांब," मेरिदेल कळवी.

एडलिन भेटतच नव्हती. तिची शाळा रायाँगला, इथून लांब; शिवाय परीक्षा चालू होत्या म्हणे.

एका सकाळी मेरिदेल आचानना गाठायला वरच्या मजल्यावर गेली. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून आइस्क्रीमवाल्याची घंटा ऐकू आली. मग एका सुरात ओरडलेले इंग्रजी आकडे.

एडलिन उघड्या खिडकीशी पाठमोरी उभी होती. फोन कानाला होता. खाली शेजारच्या बालवाडीचं अंगण होतं.

"हीच माझी शाळा," ती कुणाला तरी सांगत होती.

फोन संपवून तिने खिडकी लावली. खोली एकदम शांत झाली. मग ती वळली आणि पांढरीफटक पडली.

"रायाँग बरंच जवळ आलं गं," मेरिदेल म्हणाली.

"हळू बोल. ऐकून तर घे."

"माझ्या पोराची शपथ घेतलीस तू! त्याला हातांवर धरलेलं तू!"

"मग काय करू? परत जाऊ? आईने गावभर सांगितलंय, पोरगी परदेशात शिकवते." एडलिन खुर्चीत बसली. "शाळांशी आचानची ओळख आहे, ते खोटं नाही. एखादीला लावतोही. पण या फोनवर माझ्या जागी दुसरी बसेपर्यंत मला शाळेत लावणार नाही म्हणतो."

"म्हणून मला बोलावलंस?"

एडलिनने हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"माझी बहीण पक्की नोकरी सोडायला निघालीय, तुझ्या या खिडकीपायी. आजच तिला सगळं सांगते. आणि आधी तुझ्या त्या आचानला बघते."

ती तडक खाली गेली. आचान नुकतेच आले होते; त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ती बोलत राहिली आणि ते एकदाही मध्ये न बोलता ऐकत राहिले. मग त्यांनी दार लावून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा जिन्यात एडलिन उभी होती.

"काय म्हणाला?"

"चहा पाजला," मेरिदेल म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी तिने जोनाबेलला निरोप धाडला: उद्या मधल्या सुट्टीत फोन कर, काय ते सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एडलिन सामान घेऊन गेली. जाताना तिने मेरिदेलकडे वळूनही पाहिलं नाही.

फोन आला तेव्हा मेरिदेल वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत एकटीच होती.

"ताई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. राजीनामा पर्समध्ये घेऊनच शाळेत आलेय. सांग, देऊ की फाडू?"

"जेवलीस का?"

"विषय बदलू नकोस. तू म्हणशील तसं करीन."

जोनाबेलच्या मागे तिच्या वर्गातली पोरं दंगा करत होती. कुणीतरी बाईंना हाक मारत होतं.

"ताई? आहेस ना?"

"जरा थांब हं," मेरिदेल म्हणाली आणि उठून तिने खिडकीचा खटका काढला.