तांबडी काट

बारशाची पत्रिका सेन्सॉरच्या कचेरीतून परत आली. गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या शिक्क्यावाचून साधं बोलावणंही छापता येत नसे. मी हौसेने बाळाचं नाव आधीच पत्रिकेत घातलं होतं, 'भारत'. त्यावर तांबडी काट होती.

"'मुकुंद' लिहून शिक्का आणलाय," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"बाळ आपलं, आणि नाव त्यांनी ठेवायचं?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

बारशाला नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या वन्संचा. त्या पाळण्याशी वाकण्याआधी मी त्यांचा हात धरला. "कानात तरी 'भारत'च सांगा. तिथे कुठला सेन्सॉर बसलाय?"

"एवढं कळतं गं मला," त्या हसल्या.

बायकांनी त्यांच्या पाठीवर धपाटे घातले, "कुर्रर्र" झालं. मी उशाशीच होते, म्हणून मला ऐकू आलं. "मुकुंद."

"आमच्या ह्यांची नोकरी सरकारी आहे, वहिनी," त्या पुटपुटल्या.

मी रागाने काही बोलणार, तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी मोठ्याने विचारलं, "काय गं, नाव काय ठेवलं?" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"मुकुंद," मी म्हणाले.