एका बाजूला कठडा

“पलंग ठेंगणा करा, मिस्त्री,” रेणुकाबाई म्हणाल्या. “आन् एका बाजूनं कठडा पाहिजे.”

खुशाल मिस्त्रीच्या हातातला टेप हातातच राहिला. लग्नाच्या पलंगाला कठडा त्याने आजवर कधी लावला नव्हता.

“कठडा काऊन, बाई? जवाई झोपेत पडते का?”

कुणीच हसलं नाही. ओसरीवर बसलेले चंपतराव गोठ्याकडे बघत राहिले. खुशालने आपला विनोद गिळला आणि फळ्यांची मापं घ्यायला लागला.

काम तसं मानाचं होतं. नार्नूरकडच्या या गावात यशवंतराव नावाचा सुतार असताना चंपतरावांनी थेट बोथ गावाहून खुशालला बोलावून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारून पाहिलं, तर चंपतराव एवढंच म्हणाले, “त्याच्या हातचं नको. मागचा पलंग त्याच्याच हातचा होता.” खुशालची छाती फुगली. आपलं नाव इतक्या लांब पोचलं, हे बायकोला कधी सांगतो असं त्याला झालं.

लाकूडही नंबर एक होतं. बांधावरचं सागवान, गोठ्यात वर्षानुवर्षं वाळवलेलं. रंधा फिरवला की वास अंगणभर पसरायचा. पण घर मात्र असं, की तिथे बोलायला माणूस मिळेना. लग्न तोंडावर आलेलं, तरी पाहुणे नाहीत, पापड नाहीत, बायकांचा गलका नाही. खुशालच्या तोंडाला सदा चाक लावलेलं, पण आठवडाभरात तोही गप्प झाला. जेवण यायचं, तो जेवायचा. चहा यायचा, तो प्यायचा. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं.

चहा आणायची ती रुपा. वीस-बावीसची असेल. खाली मान घालून यायची, तशीच जायची.

“लेक का?” खुशालने विचारलं.

“हो. आमचीच,” चंपतराव म्हणाले.

“एकुलती एक?”

“एकच लेक.”

लाडाची असणार, खुशालने ताडलं. एकदा त्याने पाणी मागितलं, तर ती स्वयंपाकघराच्या दारातून रेणुकाबाईंना विचारायला गेली, माठ कुठे ठेवलाय म्हणून. खुशाल मनात हसला. आजकालच्या पोरी शिकायला हॉस्टेलवर राहतात, घरचा माठ कुठला माहीत असायला!

पलंगावरच्या नक्षीबद्दलही तिला काही मत नव्हतं. सगळं रेणुकाबाईंनीच ठरवलं. “उशाची फळी उंच ठेवा. वैभवरावांना टेकून बसाची सवय हाये. आन् डाव्या अंगाले उजेड नको, झोप लागत नाई त्याईले.”

लग्नाआधीच जावयाच्या सवयी पाठ, खुशाल मनात म्हणाला. सासू असावी तर अशी.

कठड्याचंही त्याने आपल्यापुरतं कोडं सोडवलं. बाईंना नातवंडांची घाई झाली असणार. त्यात लाजायचं काय? त्याने कठड्याच्या कडा इतक्या गोल केल्या, की कुणाचं कोवळं डोकं आपटलं तरी ओरखडा उठू नये. रेणुकाबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि पुष्कळ वेळ तिथून हलल्याच नाहीत. एवढ्या दिवसांत त्या माउलीच्या तोंडावर खुशालला काही दिसलं असेल तर ते तेव्हा.

पॉलिश वाळत असताना चंपतराव आपणहून जवळ येऊन बसले.

“मिस्त्री, त्या घरच्याईले नाव ठेवाले जागा राहू देऊ नका. आमचं तिथं येणं-जाणं राह्यलं पाहिजे. दुसरं काईच नको आमाले.”

“लेकीच्या घरी बापाले कोन अडवते, मालक?”

“अडवते,” चंपतराव म्हणाले आणि उठून गेले.

लग्न उटनूरच्या देवळात लागलं. वाजंत्री नाही, वरात नाही. अक्षता टाकायला बोटावर मोजण्याइतकी माणसं. मग टेम्पोत पलंग चढला आणि मागोमाग जीपमध्ये नवरी, चंपतराव, रेणुकाबाई. रडणं नव्हतं, पण लेक सासरी धाडतानाची ती हुरहूरही नव्हती. खुशालला सगळं कोरडं कोरडं वाटलं.

नवरदेवाच्या घरी त्याने आतल्या खोलीत पलंग जोडला. वैभव चांगला मुलगा वाटला. चंपतरावांच्या पाया पडला, “बाबा, बसा,” म्हणाला, पण आईकडे बघतबघत. आई म्हणजे शकुबाई. सगळा कारभार त्यांच्या हातात असावा. त्यांनी पलंगाभोवती एक चक्कर मारली. खुंट्या हलवून पाहिल्या. कठड्यावर हात टेकवून जोर दिला. कठडा हलला नाही.

चंपतराव भिंतीला धरून उभे होते. एवढा घाबरलेला मुलीचा बाप खुशालने पाहिला नव्हता. पलंग चांगला झालाय, सांगा की हो बाई एकदाचं, असं त्यालाच ओरडावंसं वाटलं.

“केलं तुमी चांगलं,” शेवटी शकुबाई म्हणाल्या. “या मग येत-जात.”

चंपतरावांनी भिंतीवरचा हात काढला. शकुबाईंनी मागच्या अंगणाकडे तोंड करून हाक मारली.

“भाग्या! ये वं इकडे!”

चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली. पाहुण्यांपैकी कुणाची तरी असेल, खुशालला वाटलं. रुपाकडे तिने परक्यासारखं पाहिलं आणि सरळ जाऊन रेणुकाबाईंच्या पदराला बिलगली. रेणुकाबाईंनी तिला उचललं, पलंगावर कठड्याच्या बाजूला बसवलं आणि रुपाचा हात ओढून तिच्या डोक्यावर ठेवला.

“तुही माय, आमची पूनम, तं गेली, बाई. आता हे रुपा आमी लेक मानली, हेच तुही आई,” त्या म्हणाल्या. “पण मले आजीच म्हणजो.”